क्लाइडबँकमध्ये १९४१च्या बॉम्बहल्ल्याच्या खुणा अजून दिसतात का?

नोकरीसाठी ग्लासगोजवळच्या क्लाइडबँकला राहायला येताय, महायुद्धात हे गाव बेचिराख झालं होतं असं तुमच्या वाचनात आलं, आणि आज तिथे त्यातलं काही दिसतं का, जुने लोक त्याबद्दल बोलतात का, असं तुम्ही विचारलंय. मी इथे बरीच वर्षं म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचं काम करते. अंघोळ घालताना, चहा करताना माणसं बोलतात, त्यातून जे कानावर आलं आणि नंतर मी जे मुद्दाम शोधून वाचलं, ते सांगते.

दिसतं. किलबोवी रोडच्या चढावर चालायला लागा. दगडी टेनमेंटची ओळ असते, तीन-चार मजल्यांची, आपल्या गिरणगावातल्या चाळीच्या जातीची: खाली एक सामाईक बोळ, मागे जिना, प्रत्येक मजल्यावर दोन-तीन बिऱ्हाडं. त्या बोळाला इथे ‘क्लोज’ म्हणतात. मग ओळ मध्येच तुटते आणि सिमेंटचा गिलावा केलेली बुटकी घरं लागतात, किंवा नुसतं गवत. प्रत्येक तुटक्या जागेचं कारण बॉम्बच असेल असं नाही, पुढे पाडापाडीही पुष्कळ झाली. तरी पलीकडे राहणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून बघा. तिथे कोण राहायचं ते तो मजल्यागणिक सांगेल.

गावाला नावच जहाजांच्या कारखान्यावरून पडलं. १८७१मध्ये गोव्हनहून तो कारखाना इथे आला, पुढे जॉन ब्राऊन कंपनीचा झाला. क्वीन मेरी हे मोठं प्रवासी जहाज इथलंच. दुसरा मोठा कारखाना सिंगरचा. हो, तेच आपलं शिवणयंत्र. त्याच्या घड्याळाच्या मनोऱ्याला चारही बाजूंनी तबकड्या होत्या, एकेक २६ फुटांची, आणि अख्खं गाव त्यावर वेळ लावायचं.

१३ मार्च १९४१, गुरुवार. टिपूर चांदणं होतं. रात्री नऊच्या सुमाराला भोंगे वाजले आणि जर्मन विमानं पहाटेपर्यंत येत राहिली. सिंगरच्या आवारात लाकडाचा प्रचंड साठा होता, तो पेटला. पुढच्या लाटांना मग निशाणी शोधावी लागली नाही. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. क्लाइडबँकमध्ये ५२८ माणसं गेली. सुमारे १२,००० घरांपैकी धक्का न लागलेली जेमतेम सात-आठ. जहाजांचा कारखाना मात्र त्या मानाने बचावला, मार कामगारांच्या घरांनी खाल्ला. गोदीत दुरुस्तीला आलेल्या पिओरुन या पोलिश विनाशिकेच्या खलाशांनी तोफा चालवून विमानांना तोंड दिलं. त्यांचं स्मारक गावात आहे, ते जरूर बघा.

सरकारने आधी सगळ्या क्लाइड नदीकाठचा मिळून ५००च्या आसपास मृतांचा आकडा जाहीर केला. त्यावर इथे लोक विचारत होते म्हणे, ‘हे कुठल्या गल्लीतले?’ माझ्याकडच्या एका आजोबांना तो राग नव्वदीतही होता. हात थरथरायचे, चहा बशीत सांडायचा, पण हा विषय निघाला की आवाज अगदी खणखणीत. वर्तमानपत्रांनी गावाचं नावसुद्धा छापलं नाही, हे त्यांना सगळ्यात लागलं होतं. युद्धात ते लपवावं लागतं हे मला कळतं. पण ज्याची बहीण त्यात गेली त्याला ते कसं पटावं?

आता जे मला सगळ्यात जवळचं वाटतं ते. एक आजी होत्या, तेव्हा सात वर्षांच्या. पहिली रात्र त्यांनी क्लोजमध्ये काढली. क्लोजच्या तोंडाशी स्फोटाचा धक्का अडवायला विटांची भिंत घातलेली असायची, तिच्या आडोशाला सगळी चाळ बसली होती. सकाळी बाहेर आल्या तर जिनाभर काचा. टेनमेंटमध्ये जिना झाडण्या-धुण्याची पाळी असते, दर आठवड्याला एका बिऱ्हाडाकडे. त्या आठवड्यात पाळी यांच्या आईची होती. तिने बादली घेतली, तीन मजल्यांच्या काचा लोटल्या, पायऱ्या पुसून काढल्या आणि मग मुलांना घेऊन गावाबाहेर नेणाऱ्या बसच्या रांगेत उभी राहिली. त्या रात्री ती इमारत पडली. आजी हे सांगताना हाताने लोटण्याची खूण करायच्या, वरून खाली, एकेक पायरी. आई वेडी होती असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. ‘पाळी तिची होती’, एवढंच.

इथल्या लोकांच्या बोलण्यात खरं दुःख त्या बसच्या रांगेचं असतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. ५०,०००च्या गावात तिसऱ्या रात्री झोपायला दोन हजारांच्या आसपास माणसं उरली होती. बाकीची व्हेल ऑफ लीव्हन, हेलन्सबरा, जिथे जागा मिळेल तिथे. पुरुष तिकडून रोज कामाला यायचे. कारखाने लवकर सुरू झाले, शेजार मात्र परत जमला नाही. कित्येकांना परत यायला वर्षं लागली, कित्येक आलेच नाहीत. युद्धानंतर फेफली, लिनव्हेल अशा नव्या वसाहती झाल्या. घरं चांगली होती, न्हाणीघर घरात होतं, पण वरच्या मजल्यावरची मावशी नव्हती.

सिंगरचा मनोरा बॉम्बहल्ल्यातून वाचला होता. १९६३मध्ये कारखान्याच्या नूतनीकरणात तो पाडला, आणि १९८०मध्ये कारखानाच बंद झाला. आता ‘सिंगर’ नावाचं रेल्वे स्टेशन तेवढं आहे. मी पहिल्यांदा तिथे उतरले तेव्हा पाटी वाचून थबकलेच. वाईला माझ्या आजीकडे काळं, सोनेरी नक्षीचं सिंगर होतं, हाताने फिरवायचं. त्याच्यावरचा नंबर मी मावशीला फोनवर वाचायला लावला. नंबराआधी ‘वाय’ अक्षर निघालं, म्हणजे ते इथलं, किलबोवीच्या याच कारखान्यातलं. मावशीने पाठवलेला फोटो मी त्या जिन्याची गोष्ट सांगणाऱ्या आजींना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, ‘अजून चालतं?’ चालतं म्हटल्यावर त्या फोन हातातून सोडेनात.

आलात की एक दिवस दलनॉटरच्या दफनभूमीत जा. कुणी न्यायला न आलेले, ओळख न पटलेले ६६ जण तिथे एकत्र पुरलेले आहेत. जागा टेकडीवर आहे, खाली क्लाइड दिसते, वारा फार असतो. मार्चच्या मध्यावर गेलात तर फुलं घेऊन आलेलं कुणी ना कुणी भेटेल. तुम्ही कुठून आलात म्हणून तेच चौकशी करतील. त्यांच्याशी बोला, घाई करू नका.