मी हसलो, चुकलं काय?

"म्याडम, मी हसलो. पोट धरून हसलो. ह्यांचं हे असं झालेलं, आणि मी हसत सुटलो. चुकलं काय माझं?"

सीमाभागातल्या वाचकांना यातलं 'हसलो' खटकणार नाही. आमच्याकडे बायका 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. पण शेवटचा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत सारखा येतो. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचा धंदा बसलेला, कुणाचं माणूस नुकतंच गेलेलं. शब्द निराळे, विचारणं एकच. घरात एवढं चाललेलं असताना आपल्याला क्षणभर बरं वाटलं, हे बरोबर आहे का?

ही गोष्ट बेळगावच्या वडगावातल्या एका बाईंची. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतपत बदल करून लिहिते आहे. त्यांना वहिनी म्हणू, गल्लीतही त्या सगळ्यांच्या वहिनीच आहेत. घरात दोन यंत्रमाग होते. मार्चमध्ये नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. औषधपाण्यासाठी एक माग विकला, दुसऱ्यावर जुनी चादर टाकून ठेवली. माझ्याकडे आल्या तेव्हा आषाढाची झड लागली होती. पदराला कोंदट वास येतोय, म्हणून त्या लांबच बसल्या. शेगडीवर टोपली पालथी घालून वाळवलं तरी कपडे ओलेच राहतात म्हणाल्या.

हसण्याचं कारण असं. शेजाऱ्यांचा कोंबडा पहाटे साडेचारला नेमका त्यांच्या खिडकीखाली आरवतो. चार महिने हूं की चूं न केलेल्या माणसाने एका पहाटे त्या कोंबड्याला शिवी हासडली. खणखणीत, स्पष्ट. (ती इथे छापता येणार नाही.) वहिनी आधी दचकल्या, मग हसायला लागल्या, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेचनात. तेवढ्यात आतल्या खोलीतून नणंद उठून आली. "भाऊ असा पडलाय आणि हिला हसू सुचतंय."

"त्या दिवशी मी जेवलो नाही," असं वहिनी जाता जाता म्हणाल्या. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे वही. रोज रात्री दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी लिहा, असं मी त्यांना सांगितलं. हा उपाय पुष्कळांना लागू पडतो, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. आठवड्याने वही आली. पहिल्या दिवशी 'चहा'. दुसऱ्या दिवशीही 'चहा'. तिसऱ्या दिवशी 'लाइट आली'. पुढची पानं कोरी. "आणि हा एक अभ्यास कशाला वाढवलासा म्याडम?" त्यांचं बरोबर होतं. दिवसभर दुसऱ्याचं अंग पुसणाऱ्या बाईला रात्री मी आनंदाचा हिशेब मागत होते. वही मी ठेवून घेतली.

मग सरळ विचारलं, काल सकाळपासून काय काय झालं, तासातासाने सांगा. चांगलं-वाईट काही निवडायचं नाही.

नळाला पाणी आलं, पिंपं भरली. ह्यांना कुशीवर वळवलं, पाठीला तेल लावलं. नऊला फिजिओथेरपीचा मुलगा आला. तो कन्नड. हात वर उचलताना "ओंदु, एरडु, मूरु" मोजतो. काल तिसऱ्यानंतर तो श्वास घ्यायला थांबला, तर हे "नाल्कु" म्हणाले. आयुष्यभर सुताचा हिशेब कन्नडमधून केलेला माणूस! दुपारी ते झोपल्यावर शेजारच्या मागाच्या कांड्या भरून दिल्या, चार पैसे मिळाले. संध्याकाळी येळ्ळूरहून भावाने पाठवलेला बासमती काढला. स्वतःसाठी मूठभर शिजवला. पेजही त्याच तांदळाची केली. वास सुटला तशी ह्यांनी मान स्वयंपाकघराकडे वळवली. उजवीकडे. जी बाजू गेली, तिकडे.

हे सांगताना त्या पुढे सरकून बसल्या होत्या. कोंदट पदराचं भान नव्हतं.

"मग भात कसा झाला?" मी विचारलं.

"खाल्लो नाही. ह्यांनी पेज प्यायची आणि मी सुवासाचा भात खायचा? वन्संना दिलो."

तेव्हा कुठे मला ते न जेवणं आठवलं. या बाईला आनंद सापडत नव्हता असं नाहीच. सापडला की ती त्याचा दंड भरत होती. हसली, म्हणून उपाशी. भाताच्या वासाने सुखावली, म्हणून ताट दुसऱ्याला. कट्ट्यावर पाच मिनिटं बसली, की रात्री तासभर जास्त जागरण. अशा माणसाला आनंदाच्या आणखी जागा दाखवून काय होणार? दंडच वाढणार.

१९९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत मानसशास्त्रज्ञ सुसान फोकमन आणि त्यांचे सहकारी, एड्स झालेल्या जोडीदाराची सेवा करणाऱ्या पुरुषांच्या मुलाखती घेत होते. प्रश्न सगळे ताणाचे. थोड्याच दिवसांत त्या माणसांनीच तक्रार केली, की चांगलं काय घडलं ते तुम्ही विचारतच नाही. मग तो प्रश्न घातला, तर जवळजवळ प्रत्येकाकडे सांगायला काहीतरी निघालं. दुःख कमी झालेलं नव्हतं, दोन्ही एकाच घरात नांदत होतं. मी वहिनींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते पण शिव्या ऐकून हसायचे काय?"

शिवीचंही सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूला (तीच अंगाची उजवी बाजू चालवते) इजा झाली की जुळवून बोलायचं वाक्य पुष्कळदा अडतं. पण तोंडात बसलेलं, विचार न करता येणारं, म्हणजे आकडे, देवाचं नाव, आरती, शिव्या, हे कधीकधी शाबूत राहतं. म्हणजे वाचा परत आली असं नव्हे. पण वाचा-उपचार करणाऱ्यांना हे जरूर कळवा, म्हटलं.

गृहपाठ एकच दिला. हसू आलं त्या दिवशी जेवण चुकवायचं नाही. बास.

झोप, भूक, जिवाचं बरंवाईट करायचे विचार, हे मी पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारलं होतं. दोन आठवडे सलग कशातच गोडी वाटत नसेल, भाताचा वाससुद्धा नुसता वास वाटत असेल, तर बारीकसारीक आनंद शोधत बसू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. १४४१६ ही सरकारची टेलिमानस सेवा २०२२पासून चालू आहे, फुकट आहे, रात्रीही फोन लागतो, मराठीतही बोलता येतं.

तिसऱ्या भेटीला नणंदही आली. मी बोलावलं नव्हतं. ती फार बोलली नाही. "मला का हसू आलं नाही त्या दिवशी, तेच मनात राहिलं," एवढंच म्हणाली आणि पिशवीतला रुमाल शोधू लागली. वहिनींनी स्वतःचा पुढे केला.

गणपती झाल्यावर वहिनी पुन्हा आल्या. चादर मागावरून काढली आहे, सूत अजून घातलेलं नाही. ह्यांचं मोजणं 'हत्तु'पर्यंत, म्हणजे दहापर्यंत गेलंय. बोलणं तेवढंच. वजन किती, विचारलं, तर म्हणाल्या, जेवतो की आता.

आणि मग एकदम चिडून, "श्रावण संपला नि शेजाऱ्यांनी कोंबडा कापला, म्याडम. पहाट सुनी झाली आमची."

"मग?"

"मग काय. वन्संनी बाजारातनं दुसरा आणून खिडकीखाली बांधलाय."