व्याप्ती, पोहोच आणि मधला 'पैकी'

प्रश्न असा आहे. आपत्तीकाळातल्या पोषण समन्वयासाठी माहितीचं व्यवस्थापन कसं करावं, यावरची एक प्रशिक्षण पुस्तिका मराठीत आणायचं काम चालू आहे. त्यात 'कव्हरेज'ला 'व्याप्ती' लिहिलं, तर सहकारी म्हणाले 'पोहोच' लिहा, लोकांना कळेल. पण पुढच्याच तक्त्यात 'रीच्ड' नावाचा वेगळा रकाना आहे. मग त्याला काय म्हणायचं? शिवाय 'सिव्हिअर अक्यूट मालन्यूट्रिशन'चं भाषांतर 'तीव्र तीव्र कुपोषण' असं होऊन बसलं आहे, ते कसं सोडवायचं?

आधी उत्तर देऊन टाकतो. 'कव्हरेज'ला व्याप्तीच राहू द्या. 'रीच्ड'ला पोहोच म्हणू नका, सरळ 'उपचारात आलेली मुलं' म्हणा. आणि व्याप्ती हा शब्द तक्त्यात कधीही एकटा सोडू नका. का, ते जरा सविस्तर सांगावं लागेल.

व्याप्ती, प्राप्ती, समाप्ती, पर्याप्त ही सगळी 'आप्' या एकाच धातूची भावंडं. आप् म्हणजे गाठणं, मिळवणं. तेव्हा तुमचे सहकारी अगदीच चुकलेले नाहीत, व्याप्तीच्या मुळाशी पोहोचणं आहेच. 'वि' लागला की ते सगळीकडे पसरून पोहोचणं होतं. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या आपल्या जुन्या शास्त्रात, तर 'जिथे धूर तिथे अग्नी' या अटळ संबंधाला व्याप्ती म्हणतात, तिथे एकही अपवाद चालत नाही. रोजच्या मराठीत मात्र ही धार बोथट झाली आहे. विषयाची व्याप्ती, नुकसानीची व्याप्ती, म्हणजे केवढं पसरलंय ते. म्हणून व्याप्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नकाशा येतो, माणसं मोजणं येत नाही. पोषणाच्या कामात तर मुलं मोजायची असतात.

'पोहोच'ची गंमत निराळी आहे. बोलताना आपण त्याचं 'पोच' करतो, आणि पोच म्हटलं की कारकुनी मराठीत एकच अर्थ: माल मिळाला, पावती द्या. (माणसाला 'पोच नाही' म्हणतात ती पोच वेगळी, ती कुठल्याच तक्त्यात मावत नाही.) समजा रकान्याचं नाव 'पोहोच' आहे आणि फोनवरून आकडे विचारले जात आहेत. पलीकडे गोदाम सांभाळणारा माणूस आहे. तो प्रामाणिकपणे सांगतो, 'सहाशे.' हे सहाशे म्हणजे उपचाराच्या शेंगदाणा पेस्टची खोकी. एका खोक्यात 92 ग्रॅमची 150 पाकिटं असतात, आणि एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण एक खोकं धरतात. त्यामुळे हा आकडा संशयही येऊ देत नाही, तो मुलांच्या आकड्यासारखाच दिसतो. खोकी आली ही गोष्ट खरी, पण अजून एकही मूल आलेलं नाही. शब्दाने घातलेला असा घोळ पुढे कुणालाच सापडत नाही, कारण आकडा चुकीचा नसतो, फक्त दुसऱ्याच गोष्टीचा असतो.

आता व्याप्तीकडे परत. एक हिशोब मांडतो, आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले आहेत.

एका ग्रामीण भागात 6 ते 59 महिने वयाची 20,000 मुलं आहेत. पाहणीत त्यांतली 3 टक्के सर्वांत गंभीर कुपोषणात सापडली. म्हणजे पाहणीच्या दिवशी 600. पण हे वर्षभराचं काम नव्हे. ही 600 मुलं बरी होतील तोवर दुसरी आजारी पडतील. म्हणून नियोजनात सहसा 2.6 ने गुणतात: आजची जेवढी, त्यांचा 1, आणि वर्षात नव्याने भर पडणाऱ्यांचे 1.6. हे 1.6 येतात कुठून, तर उपचार न झालेलं एक दुखणं सरासरी साडेसात महिने चालतं असं धरून 12 भागिले 7.5. स्थानिक आकडे हाताशी असले तर गुणक वेगळा घेतात, ते असो. इथे वर्षाची गरज झाली 1,560. ग्रामीण भागात निम्म्याहून जास्त गरजू मुलं उपचारात यावीत असं आपत्तीतल्या मदतीचे किमान निकष ठरवणारी स्फिअर मानकं सांगतात (शहरात 70 टक्क्यांहून जास्त, छावण्यांत 90). म्हणून लक्ष्य ठेवलं 780. वर्षाखेर उपचारात आली 585. आणि भागातल्या 20 आरोग्यकेंद्रांपैकी 18 ठिकाणी ही सेवा सुरू होती.

विचारा आता, व्याप्ती किती? केंद्रांच्या हिशोबाने 90 टक्के. लक्ष्याच्या हिशोबाने 75. गरजेच्या हिशोबाने साडेसदतीस. तिन्ही गणितं बरोबर आहेत आणि इंग्रजी अहवालांतही या तिन्हींना कव्हरेज म्हटलेलं सापडतं. तेव्हा हा दोष मराठीचा नाही. पण मराठीकडे यावर उपाय आहे आणि तो कोशात शोधावा लागत नाही. तो म्हणजे 'पैकी'.

'पैकी' हे अव्यय आपण इतक्या सहज वापरतो की त्याची किंमत कळत नाही. 'शंभरापैकी किती?' हे शाळेपासून ऐकत आलो. गणितात ज्याला छेद म्हणतात तो बोलण्यात 'पैकी'च्या आधी येऊन बसतो. तो लिहिला की लपवाछपवीला जागा उरत नाही. म्हणून तक्त्यात 'व्याप्ती: 37.5%' असं न लिहिता 'गरजू मुलांपैकी उपचारात: 37.5%' लिहा, 'केंद्रांपैकी सेवा सुरू: 90%' लिहा. 'व्याप्ती' हा शब्द मथळ्यावर शोभतो, तिथे खुशाल असू द्या. लक्ष्याशी केलेल्या तुलनेला तर मी व्याप्ती म्हणणारच नाही. ती 'लक्ष्यपूर्ती'. लक्ष्य कमी धरलं की आपोआप वाढते, हे त्या शब्दातच ऐकू येतं.

'केसलोड'चंही यातच उरकतो. त्याला 'रुग्णसंख्या' म्हटलं की दवाखान्यात आज किती आहेत असं वाटतं. वरच्या उदाहरणातल्या 1,560 पैकी 960 तर अजून आजारीही पडलेले नाहीत. 'वर्षभरात उपचार लागतील अशी मुलं' हे लांबलचक आहे, मान्य, पण रकान्याचं शीर्षक एकदाच लिहायचं असतं. आणि 'पाच वर्षांखालील' असं सोयीचं रूप घेण्याचा मोह टाळा. त्यात सहा महिन्यांच्या आतली तान्ही मुलंही येतात आणि छेद फुगतो.

आता 'तीव्र तीव्र'. इंग्रजीत दोन वेगळे प्रश्न आहेत. 'अक्यूट' सांगतो ते कुपोषण अलीकडचं आहे की जुनं मुरलेलं, आणि 'सिव्हिअर' सांगतो ते किती गंभीर आहे. पहिला काळाचा, दुसरा प्रमाणाचा. मराठीत 'तीव्र' मुळातच प्रमाणाचा शब्द आहे: तीव्र वेदना, तीव्र उतार, तीव्र शब्दांत निषेध. त्याच्यावर काळाचं ओझं टाकलं आणि गोंधळ झाला. आयुर्वेदाकडे ही जोडी नीट आहे, आशुकारी आणि चिरकारी. 'आशु' म्हणजे झटपट, आशुकवीमधला. शब्द देखणा आहे, पण 'आशुकारी कुपोषण' असं लिहिलेला अर्ज कुणी भरेल असं मला वाटत नाही. पाठ्यपुस्तकात ठीक.

जुन्या मुरलेल्या प्रकाराला, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी राहण्याला, मराठीत फार चांगला शब्दप्रयोग तयार आहे: वाढ खुंटणे. उंचीच्या मानाने वजन कमी पडण्याला 'कृशता' लिहितात, आणि बोलताना कुणीही 'रोडावलं' म्हणेल. माझा कल 'रोडावणे'कडे आहे, कारण त्यात हल्लीहल्लीच बिघडलंय हा काळाचा अर्थ आपसूक येतो. 'लेकरू रोडावलं' म्हणजे आधी बरं होतं. अक्यूटचा नेमका तोच अर्थ 'तीव्र'ला इतकी वर्षं देता आला नाही.

तरीही 'तीव्र' आता हलणार नाही, ते रुळलं आहे. मग निदान पायऱ्या तरी सुट्या ठेवा: अतितीव्र, मध्यम तीव्र, आणि दोन्ही मिळून 'एकूण तीव्र'. 'मध्यम तीव्र' कानाला 'मध्यम कडक' चहासारखं लागतं, पण त्याला इलाज नाही. नुसता 'तीव्र कुपोषित' असा रकाना मात्र कदापि ठेवू नका. एक जण त्यात फक्त अतितीव्र लिहील, दुसरा दोन्हींची बेरीज. बेरजेचा आकडा 15 टक्के किंवा त्याहून वर गेला की परिस्थिती 'अत्युच्च' वर्गात जाते, आणि पैसा, माणसं, औषधं यांचे निर्णय त्यावर होतात. कुणी 4 लिहिले आणि कुणी 16, तर दोन गावांत फरक आहे की दोन वाचकांत, हे दूर बसून सांगता येत नाही. शब्दाशेजारी माप द्या, वाद मिटतो: दंडघेर 115 मिलिमीटरच्या आत असेल किंवा दोन्ही पावलांवर सूज असेल तर अतितीव्र, 115 ते 125च्या आत असेल तर मध्यम तीव्र. 'दंडघेर' हा शब्द मला फार आवडतो. ज्याला माहीत नाही त्यालाही पहिल्यांदा ऐकून कळतो.

तुमच्या पुस्तिकेत 'डिफॉल्टर' येईलच. यंत्रावर टाकलं तर 'थकबाकीदार' किंवा 'कसूरदार' हाती लागेल. जी आई दोन तास चालत येऊन तीनदा मूल दाखवून गेली आणि चौथ्यांदा पूर आल्यामुळे येऊ शकली नाही, तिने कोणाचं कर्ज बुडवलं? 'उपचार अर्धवट राहिलेली मुलं' लिहा. 'सोडलेली'पेक्षा 'राहिलेली' बरं, दोष कुणाचा हे आधीच ठरवून टाकत नाही. आणि इथेही पैकी सांभाळा. स्फिअरमध्ये बरे झालेले 75 टक्क्यांहून जास्त, मृत्यू 10 टक्क्यांहून कमी, अर्धवट राहिलेले 15 टक्क्यांहून कमी असावेत असं आहे, पण ते कार्यक्रमातून बाहेर पडलेल्यांपैकी. दाखल झालेल्यांपैकी नव्हे. ज्यांचा उपचार अजून चालू आहे, ती मुलं या हिशोबात नसतातच. 'दाखल मुलांपैकी बरी' असं लिहिलं, की नुकत्याच सुरू झालेल्या केंद्राचं काम उगाच वाईट दिसतं.

'क्लस्टर'बद्दल विचारलं नाहीत, पण विचाराल. 2005च्या सुधारणांपासून आपत्तीतली मदत विषयवार वाटली जाते, एका विषयावर काम करणाऱ्या संस्थांचं मिळून एक क्लस्टर, आणि पोषणाची आघाडी युनिसेफकडे असते. त्याला 'पोषण गट' म्हटलं तर वाचक डाळी-भाज्यांचे अन्नगट समजेल, 'पोषण समूह' म्हटलं तर कुणाला काहीच समजणार नाही. क्लस्टरच ठेवा. 'समन्वय' मात्र छान चालतो.

एका जागी मराठी इंग्रजीच्या पुढे आहे, ते आवर्जून वापरा. कुठली संस्था काय काम करते याची नोंद ठेवणाऱ्या 'कोण, काय, कुठे, कधी, कोणासाठी' या तक्त्याला इंग्रजीत पाच डब्ल्यू म्हणतात, आणि पाचवा 'डब्ल्यू' जमवायला त्यांना 'फॉर' हा शब्द मोजणीतून वगळावा लागतो. आपल्याकडे पाचही प्रश्न निमूटपणे 'क'ने सुरू होतात. 'पाच क' म्हणा, प्रशिक्षणात लगेच लक्षात राहतं. त्यातला 'कुठे' सर्वांत त्रास देतो, एकाच गावाचं नाव तीन संस्था तीन तऱ्हांनी लिहितात, म्हणून गावाच्या नावाऐवजी ठरलेला स्थळ-संकेतांक टाकतात. भाषाप्रेमी म्हणून मला हे जरा टोचतं, पण बेरीज करणाऱ्याची बाजू खरी आहे.

शेवटचा एक रकाना राहिला. एकच मूल दोन संस्थांच्या यादीत आलं, तर ती 'दुबार नोंद', ती काढून टाकायची. बरं होऊन गेलेलं मूल काही महिन्यांनी पुन्हा आजारी पडून आलं, तर ते दुबार नव्हे, ते 'पुन्हा दाखल', आणि ते मोजायचं. पुस्तिकेच्या मसुद्यात दोन्हींना 'पुनर्नोंद' केलेलं असेल, तर तेवढं आजच बदला.