जुनी ब्रिटिश बायप्लेन प्रवासी विमानं खरंच एवढी मागासलेली होती का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत: इंपीरियल एअरवेज या तेव्हाच्या ब्रिटिश विमान कंपनीच्या जमान्यातल्या बायप्लेन, म्हणजे एकावर एक दोन पंखांच्या (दुपंखी) प्रवासी विमानांबद्दल लोक इतके हळवे का होतात, ती मुळात संथ आणि मागासलेली नव्हती का, आणि आज त्यांत बसायला मिळतं का. शेवटचं आधी सांगतो. मोठ्यांपैकी एकही उरलेलं नाही. छोट्या ड्रॅगन रपीडमध्ये पैसे भरून बसता येतं, इंग्लंडात डक्सफर्डला. बाकी सगळं उत्तर ‘मागासलेली’ या आरोपाला आहे, कारण तो मी उमेदवारीच्या दिवसांपासून ऐकत आलोय. माझी उमेदवारी टायगर मॉथ या छोट्या प्रशिक्षणाच्या बायप्लेनवर झाली. आमच्या हँगरमधले एक वरिष्ठ उठताबसता म्हणायचे, ‘ज्याला एक पंख धड बांधता येत नाही, तो दोन लावतो.’ हे चूक आहे, आणि ते आकड्यांनी दाखवता येतं.

इंपीरियलचं मोठं विमान, हँडली पेज कंपनीचं एचपी ४२ घ्या. १४ नोव्हेंबर १९३० ला पहिलं उड्डाण, जून १९३१ पासून क्रॉयडन–पॅरिस सेवा. एकूण आठच बांधली गेली. हॅनिबल, हेड्रियन, हॅनो आणि होर्सा ही चार पूर्वेच्या मार्गांसाठी; हेराक्लिझ, होरेशियस, हेंगिस्ट आणि हेलेना युरोपसाठी. वरच्या पंखाचा पसारा ३९.६ मीटर, म्हणजे आजच्या बोइंग ७३७ पेक्षाही जास्त. चार ब्रिस्टल ज्युपिटर इंजिनं, दोन वरच्या पंखावर आणि दोन खालच्या. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. समोरचा वारा हे विमान अंगातच बांधून आणतं, अशी टिंगल तेव्हाही व्हायची.

टिंगल करणारे एक भागाकार करत नाहीत. युरोपच्या मार्गावरचं एचपी ४२ भरल्यावर सुमारे १२,७०० किलो आणि पंखांचं क्षेत्रफळ २७८ चौरस मीटर. म्हणजे दर चौरस मीटरवर ४६ किलो. पाच वर्षांनी उडालेल्या डीसी-३चा (अमेरिकन एकपंखी प्रवासी विमान) तोच आकडा १२५ च्या आसपास येतो. उतरण्याचा वेग या आकड्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे फ्लॅपची (उतरताना पंखामागे खाली येणाऱ्या झडपांची) मदत बाजूला ठेवली तर डीसी-३ला दीडपटीहून जास्त वेगाने जमिनीवर यावं लागतं. चांगली धावपट्टी असेल तर काहीच बिघडत नाही. पण कैरो–कराची वाटेवर १९३१ साली बहुतेक थांबे म्हणजे दगडगोटे वेचून साफ केलेलं मैदान होतं. तिथे सावकाश उतरणं ही चैन नव्हती, ती पहिली अट होती.

८ ऑगस्ट १९३१ ला केंटमधल्या टूडली गावाजवळ हॅनिबलचं एक इंजिन बिघडलं, त्याच्या तुकड्यांनी दुसरंही बंद करावं लागलं, आणि वैमानिकाने विमान शेतात उतरवलं. शेपटीचं नुकसान झालं, माणसं सगळी चालत बाहेर आली. शांततेच्या काळात या आठ विमानांनी एकाही प्रवाशाचा जीव घेतला नाही. त्या काळातल्या दुसऱ्या कोणत्या ताफ्याबद्दल असं म्हणता येईल?

आता आतून बघा. खालचा पंख इंजिनांपासून आत येताना वर वळतो आणि केबिनच्या छतावरून जातो, त्यामुळे पंखाचे स्पार, म्हणजे आतले मुख्य दांडे, प्रवाशांच्या पायांत येत नाहीत. प्रवाशांची दालनं दोन, एक पुढे आणि एक मागे. मधे, जिथे प्रॉपेलर फिरतात त्या रेषेत, शौचालय आणि सामान. आवाज तिथे सर्वांत जास्त, आणि पातं तुटून उडालं तर तेही तिथेच घुसणार, म्हणून तिथे कुणाला बसवायचंच नाही. युरोपच्या विमानात ३८ आसनं. पूर्वेच्या विमानात डाक जास्त, म्हणून माणसं कमी. हा विचार मागासलेल्या लोकांचा नाही.

बहुतेक बायप्लेनचे दोन पंख ताणलेल्या तारांनी एकमेकांना बांधलेले असतात. माझ्या मते एचपी ४२वाल्यांची खरी हुशारी या तारांमध्ये दिसते, म्हणजे तारा नसण्यात. तार नसण्याची किंमत तारा जुळवल्याशिवाय कळत नाही, म्हणून ते काम जरा सविस्तर सांगतो. टायगर मॉथ काय, रपीड काय, पद्धत थोड्याफार फरकाने हीच.

हँगरची दारं बंद करायची, वारा नको. फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, लाकडी स्टँडवर घेऊन आधी लांबीत, मग आडवं लेव्हलमध्ये आणायचं. लेव्हल कुठे ठेवायची त्या खुणा ठरलेल्या असतात. पहिलं काम मधल्या भागाचं, म्हणजे सेंटर सेक्शनचं. त्याच्या तिरक्या तारा जोडीजोडीने मोजून सारख्या करायच्या आणि वरचा पंख खालच्यापेक्षा किती पुढे आहे ते ओळंबा सोडून बघायचं. इथे चार-पाच मिलिमीटर चुकले तर टोकाला ती चूक कितीतरी पट होऊन निघते, आणि मग माणूस टोकाच्या तारा पिळत बसतो. सेंटर सेक्शन बसला की फ्लाइंग वायर (उडताना भार घेणाऱ्या तारा) ढिल्या सोडायच्या आणि लँडिंग वायरने (जमिनीवर पंखाचं वजन पेलणाऱ्या तारांनी) पंखाची टोकं ठरल्या कोनापर्यंत उचलायची, दोन्हीकडे सारखी. त्यानंतर क्लिनोमीटर (कोनमापक) लावून इन्सिडन्स वायरने पंखाचा कोन. फ्लाइंग वायर सगळ्यात शेवटी. मग शेपटीच्या खांबापासून डाव्या आणि उजव्या बाहेरच्या स्ट्रटपर्यंत (दोन पंखांमधल्या खांबापर्यंत) टेप लावून मापं जुळवायची. जुळली नाहीत तर पुन्हा सेंटर सेक्शनपासून सुरुवात. मधूनच दुरुस्त करायला जाऊ नये.

बिघडतं कुठे? तार जितकी ताठ तितकी चांगली, असं नवशिक्याला वाटतं. जास्त ताणलेली फ्लाइंग वायर स्पारला लांबीच्या दिशेने दाबत राहते. लाकडी स्पार हळूहळू कमानीसारखा वाकतो, फिटिंगच्या बोल्टखालचं लाकूड चुरतं आणि गोल भोक लंबगोल होतं. हे बाहेरून दिसत नाही, कापड काढल्यावर दिसतं. दुसरं आट्यांचं. तारेच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे, म्हणून तार फिरवली की दोन्ही टोकं एकदम आत किंवा बाहेर जातात. तारेचं टोक ज्यात फिरवून बसवतात त्या फोर्कच्या दांड्याला एक बारीक भोक असतं. त्यात टाचणी घालून बघायची. आरपार गेली तर आटे पुरेसे आत गेलेले नाहीत आणि ते विमान उडवायचं नाही. तिसरं म्हणजे या तारा गोल नसतात, चपट्या असतात. लॉकनट आवळताना तार पाव फेराही फिरली तर तिची धार वाऱ्यात तिरकी राहते, तार थरथरायला लागते आणि आट्यांच्या मुळाशी तडा जातो. तारा एकमेकींना छेदतात तिथे अॅकॉर्न नावाचा लहानसा ठोकळा बांधतात तो याच थरथरीसाठी. तो शोभेचा समजून काढून ठेवलेला मी पाहिलाय.

आणि एक: उडताना लँडिंग वायर किंचित ढिल्या दिसतात. घाबरू नका, त्या वेळी सगळा भार फ्लाइंग वायरवर असतो.

आता हेच काम ३९ मीटरच्या पंखांवर, हँगर नसलेल्या ठिकाणी, आखाती उन्हात करायचं आहे असं धरा. हँडली पेजच्या लोकांनी ते धरलं होतं. म्हणून एचपी ४२च्या दोन पंखांमध्ये ताणायच्या तारा नाहीतच. रेल्वेच्या पुलाला असते तशी तिरक्या नळ्यांची कैची आहे, वॉरन ट्रस. ती कारखान्यात एकदा बसली की वाटेत जुळवायचं काम नाही. मूळ सांगाडा धातूचा, कापड फक्त पंखांवर आणि मागच्या भागावर. आमच्या वरिष्ठांनी हे विमान बांधणाऱ्यांना ‘एक पंख बांधता येत नाही’ म्हणावं याचा मला आजही राग येतो. दोन पंख आणि मधली कैची मिळून सांगाड्याला जी उंची आणि म्हणून जी ताकद मिळते, ती तेवढ्याच वजनाच्या एका पंखात तेव्हा मिळत नव्हती. फोकरची एकपंखी विमानं होती, चांगली होती, पण ती बरीच लहान.

एकपंखी म्हणजे आपोआप पुढारलेलं असं मानणाऱ्यांनी पस मॉथ हे डी हॅविलँडचं छोटं विमान आठवावं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून डाक घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले ते पस मॉथमधून. ते बायप्लेन होतं असं अनेक जण लिहितात. ते एकपंखी होतं. कराचीपर्यंतची डाक आणणारा कैरो–कराची टप्पा मात्र हॅनिबलच्या भावंडांकडे होता, आणि ती सेवा इराणच्या किनाऱ्यावरून अरबी किनाऱ्यावर आली ती त्याच महिन्यात: ५ ऑक्टोबरला हॅनो शारजाला उतरलं. आपल्या नागरी विमानसेवेचा पहिला दिवस असा दुपंखी आणि एकपंखी दोघांच्या जिवावर पार पडला. त्याच सुमारास जगात इतरत्र पस मॉथचे पंख हवेत तुटून अपघात होत होते, आणि नंतर त्यांच्या स्ट्रटला जास्तीचा आधार द्यावा लागला. एक पंख बांधणं सोपं नव्हतं, एवढंच मला म्हणायचंय.

रपीडकडे येतो, कारण आज भेटेल ते तेच. डी हॅविलँड डीएच ८९, पहिलं उड्डाण एप्रिल १९३४, सातशेहून जास्त बांधली गेली. पसारा १४.६ मीटर, दोनशे अश्वशक्तीची दोन जिप्सी सिक्स इंजिनं, सहा ते आठ प्रवासी, नाकात एकटा वैमानिक. स्प्रूस, प्लायवूड आणि कापड. ही विमानं टिकली कारण चांगला सुतार ती दुरुस्त करू शकतो: स्पारचा खराब भाग कापायचा, तिरका सांधा जाडीच्या दहा-बारा पट लांब घ्यायचा आणि चिकटवायचा. शत्रू एकच, ओल. जुना केसिन गोंद दुधापासूनचा, त्याला बुरशी खाते. पंखाच्या मागच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. ती रंगाने बुजली की आत पाणी साचतं आणि सांधे सुटतात. कापडाला डोप (ते ताठ करणारं रोगण) लावतानाही तेच. हवेत दमटपणा सत्तर टक्क्यांच्या वर गेला की डोप सुकताना पांढरा पडतो, त्यात ताकद राहत नाही. मुंबईत जून ते सप्टेंबर उघड्या हँगरमध्ये डोपचं काम काढू नये, कुणी कितीही घाई केली तरी.

जिप्सी इंजिन उलटं असतं, सिलिंडर खाली. विमान उभं असताना तेल रिंगांवरून झिरपून सिलिंडरच्या डोक्यात साठतं. म्हणून सुरू करण्याआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी देणारं यंत्र) बंद असल्याची खात्री करून प्रॉपेलर हाताने फिरवतात. अडला तर जोर लावायचा नाही; खालचा प्लग काढून तेल गाळायचं. जोर लावला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि वाकलेला रॉड त्या दिवशी कळत नाही, पुढच्या उड्डाणात कळतो.

आता दुसरी बाजू, ती सांगायलाच हवी. मी वर मांडली ती बाजू १९३०-३१ च्या एचपी ४२ची. सगळ्या ब्रिटिश बायप्लेनना ती लागू नाही. डीएच ८६ हे चार इंजिनांचं विमान घाईत काढलं गेलं, त्याचे जीवघेणे अपघात झाले, आणि नंतर शेपटीच्या टोकांना जादा उभे पडदे लावावे लागले. आर्मस्ट्राँग व्हिटवर्थ अर्गोसी जातीचं ‘सिटी ऑफ लिव्हरपूल’ २८ मार्च १९३३ ला बेल्जियमवर हवेत पेटलं आणि त्यातले पंधराही जण गेले. आणि १९३४ साली डच लोक डीसी-२ घेऊन ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीत दुसरे आल्यावरही इंपीरियल एअरवेजने हॅनिबल वर्ग दुसऱ्या महायुद्धापर्यंत ओढला, त्याचं समर्थन होत नाही. १९३८ च्या कॅडमन समितीने (ब्रिटिश सरकारची चौकशी समिती) कंपनीच्या कारभारावर ताशेरे ओढले ते योग्यच होते. दोष चालवणाऱ्यांचा, बांधणाऱ्यांचा नाही.

आठपैकी हेंगिस्ट १९३७ साली कराचीच्या हँगरमध्ये जळालं. हॅनिबल १ मार्च १९४० ला ओमानच्या आखातावर आठ जणांसह नाहीसं झालं. त्यात मद्रासचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. युद्ध सुरू झालेलं होतं, म्हणून वर शांततेच्या काळातलं असं लिहिलं. बाकीची वादळं, आग आणि खडतर उतरणी यांत, युद्ध सुरू झाल्यापासून दीड वर्षाच्या आत संपली.

आखातात राहत असाल तर शारजाचं अल महत्ता संग्रहालय बघा. ते त्याच काळातल्या विमानतळाच्या इमारतीत आहे, आणि समोरचा किंग अब्दुल अझीझ रस्ता म्हणजे जुनी धावपट्टी. लंडनला असाल तर क्रॉयडनची १९२८ ची टर्मिनल इमारत उभी आहे. ती रोज उघडी नसते, आधी विचारून जा. डक्सफर्डला रपीडमध्ये बसणार असाल तर खिडकीतून तारा दिसतील अशी जागा मागा, आणि चढताना खालच्या पंखावरच्या काळ्या पट्टीवरच पाय ठेवा. पट्टीच्या बाहेर पायाखाली फक्त कापड आहे.