टाकी भरली की गाडी सुधारते, हाच धागा पकडा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. १९९९ चा टाटा १६१३ ट्रक, सहा सिलिंडर, इनलाइन पंप (सगळ्या सिलिंडरांना दाबाने डिझेल देणारा मुख्य पंप). पुण्याहून खत भरून साताऱ्याकडे निघालात की सपाटीला ठीक, पण खंबाटकी घाटाच्या चढाला लागलं की गचके मारते. अ‍ॅक्सिलेटर दाबला तरी क्षणभर काहीच नाही, मग एकदम उचलते, परत बसते. धूर फारसा नाही. डिझेल फिल्टर नवा टाकून झाला. वर बऱ्याच जणांनी पंप उतरवा, नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारं तोंड) काढा असं सांगितलंय आणि पंपवाल्याने तुम्हाला खर्चाचा आकडाही दिलाय.

जरा थांबा. तुम्ही शेवटी सहज लिहून गेलात की टाकी फुल केली की एक-दोन दिवस बरी चालते. मला बाकी सगळ्यापेक्षा ही ओळ मोलाची वाटली. टाकीत किती डिझेल आहे ते पंपाला आणि नोझलला काय माहीत? तो फरक पडतो टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाइनला. फीड पंप म्हणजे टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे ढकलणारा छोटा पंप.

ही लाइन ओढीवर चालते. टाकी चासीला खाली लटकलेली, फीड पंप तिच्या वर, म्हणजे डिझेल खेचून घ्यावं लागतं. या टप्प्यात कुठे बारीक फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. लाइन सगळी कोरडी, हात फिरवला तरी बोटाला काही लागत नाही, आणि मिस्त्री सांगतो की लाइन ओके आहे. फीड पंपाच्या पुढे, फिल्टर ते पंप, दाब असतो. तिथली गळती ओली दिसते. तिचा त्रास बहुतेक वेळा सकाळी पहिल्या स्टार्टला होतो, घाटात नाही. सपाटीला पंपाची मागणी कमी, थोडी हवा आली तरी जास्तीचं डिझेल टाकीत परत सोडणाऱ्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हमधून रिटर्नला निघून जाते. चढाला माल ओढताना डिझेल जास्त लागतं, ओढ वाढते, हवाही जास्त येते. टाकी भरलेली असली की डिझेल कमी उंचीवर उचलावं लागतं म्हणून ओढही कमी. तुमची लक्षणं याच्याशी तंतोतंत जुळतात.

मी हे पैसे घालवून शिकलोय. माझ्या गाडीला असंच व्हायचं. पंप उतरवला, कॅलिब्रेशन केलं, सहाच्या सहा नोझल नवे टाकले, आणि पुढच्याच खेपेला घाटात तेच गचके. शेवटी हायवेवरच्या एका म्हाताऱ्या फिटरने गाडीखाली न जाताच विचारलं, "टाकी केवढी भरलीय?" गवंडी लेव्हल बघायला पारदर्शक नळी वापरतात ना, तिचा हातभर तुकडा त्याने फीड पंपाच्या आधी जोडला आणि दोन्ही टोकांना क्लिप आवळल्या. गाडी चालू. स्लोवर (रेस न देता) नळीत स्वच्छ पिवळं डिझेल, एक बुडबुडा नाही. मला म्हणाला, रेस दे आणि धरून ठेव. पाच-सात सेकंदांत सोड्याची बाटली उघडावी तसे बारीक बुडबुडे सुरू झाले, मग करंगळीएवढे मोठे. मी खिडकीतून मान काढून बघतच राहिलो.

टाकीवरची प्लेट खोलून आतला सक्शन पाइप बाहेर काढला. प्लेटपासून चार बोटं खाली, जुन्या ब्रेझिंगच्या (पितळी जोडाच्या) कडेला केसाएवढी चीर. डोळ्यांना दिसलीच नाही. खालचं तोंड अंगठ्याने दाबून वरून फुंकर मारली तेव्हा ओठांना कळली. टाकी फुल असताना ती चीर डिझेलखाली बुडालेली असायची, म्हणून एक दिवस बरा जायचा.

तुम्हीही आधी नळीच लावा. पण ती तपासणीपुरतीच ठेवा, डिझेलने ही नळी कडक होते आणि मग तीच फट देते. टाकी पाव भरलेली असतानाच बघा, भरल्या टाकीवर काही सापडणार नाही. बुडबुडे दिसले तर हवा आहे. बुडबुडे नाहीत, पण नळी चपटी होतेय किंवा डिझेल अडखळत येतंय, तर चोंदलंय. मग सक्शनची जाळी, टाकीच्या तळाचा गाळ, फीड पंपाखालच्या वाटीतली बारीक जाळी बघा. ती वाटी बरेच जण वर्षानुवर्षं उघडत नाहीत.

हवा दिसली की ती कुठून येतेय ते शोधायला डब्याची युक्ती आहे. स्वच्छ दहा लिटरचा कॅन केबिनच्या मागे चासीला नीट बांधा, केबिनमध्ये नको. फीड पंपाच्या सक्शनला थेट त्यातून नवा पाइप द्या. रिटर्नही कॅनमध्येच सोडा, नाहीतर चढ संपायच्या आत कॅन रिकामा. लाइनमधली एअर काढा आणि माल असताना घाट चढा. गचके गेले तर दोष टाकी, सक्शन पाइप किंवा चासीवरून येणारी लाइन यातला. लाइन जिथे पट्टीला घासते तिथे आणि रबरी पाइपाच्या क्लिपखाली बघा. जुना रबर वरून ठीक दिसतो, वाकवला की चिरा उघडतात. बँजो बोल्टचे (पाइप जोडायच्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वायसर परत तेच लावू नका. चार नवे वायसर आणि दोन क्लिप, एवढ्याशा खर्चात बऱ्याच गाड्या सुटतात.

कॅनवरही गचके राहिले तर मग फीड पंप. आधी हँड प्रायमरची (फीड पंपावरच्या हातपंपाची) मूठ पूर्ण आवळलीय का बघा. अर्धवट राहिली तर तिथूनही हवा घेते आणि हे नुकताच फिल्टर बदललेल्या गाडीत हमखास होतं. तुम्ही फिल्टर आत्ताच बदललाय, म्हणून आधी ती मूठच फिरवून बघा. फीड पंपाच्या आतले छोटे व्हॉल्व्ह झिजले तरी भरल्या गाडीला पुरेसं डिझेल मिळत नाही. ओव्हरफ्लो व्हॉल्व्हची स्प्रिंग बसली असेल तरी तेच.

कुणीतरी टाकीच्या झाकणाचं भोक बंद असेल असं लिहिलंय. ती खोड खरी आहे. डिझेलचोरीला कंटाळून बाजारातलं कुलपाचं झाकण लावलं आणि त्याला हवेचं भोकच नाही, असं मी पाहिलंय. पण तेव्हा भरल्या टाकीत त्रास लवकर होतो, कारण वर हवेची जागा कमी असते. तुमचं उलट आहे. तरी पाच मिनिटांचं काम, चढाला गाडी बाजूला घेऊन झाकण उघडा. सुस्स आवाज आला तर कळेलच.

नोझलबद्दल: एखादा सिलिंडर मिस असेल तर तो स्लोवरही दिसतो. एकेक नोझलच्या पाइपचं नट अर्धा आटा ढिलं करायचं. ज्याला ढिलं केल्यावर आवाजात फरकच पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. वर जाड फडकं धरा आणि हात लांब ठेवा. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं, मग डॉक्टरच गाठावा लागतो. टर्बोची रबरी होज फाटली असेल तर काळा धूर येतो आणि गाडी सुस्त पडते, पण सारखी सुस्त. मध्येच बसणं आणि उचलणं हे वेगळं. धूर नाही आणि ओढ तुटते, म्हणजे डिझेलची उपासमार.

सक्शन पाइपलाच चीर निघाली तर तो टाकीबाहेर काढून, पुसून, लांब नेऊनच ब्रेझिंग करून घ्या. टाकीवर गॅसची ज्योत लावू देऊ नका. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ पेट घेते. परत बसवताना प्लेटखालचं पॅकिंग नवं टाका आणि पाइपाचं तोंड तळापासून थोडं वर राहील असं बघा, नाहीतर गाळ ओढायला लागेल.

नळीत काय दिसलं, आणि तेव्हा डिझेलचा काटा कुठे होता, ते लिहा. पंपवाल्याला तोवर काहीही ॲडव्हान्स देऊ नका.