मुले आली की उठू नका

प्रश्न : आदरणीय ताई, माझे वय 28 आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन मी पुढे एमबीए केले आणि आता पुण्यात एका खत कंपनीच्या विक्री विभागात काम करते. टार्गेट, फोन आणि डीलरांच्या तक्रारी यांचा मला उबग आला आहे. महापालिकेच्या उद्यान विभागात नोकरी मिळवावी आणि झाडांच्या सान्निध्यात शांतपणे काम करावे, असे मनापासून वाटते. दर रविवारी मी घराजवळच्या उद्यानात दार उघडताच जाते आणि मुलांची गर्दी सुरू झाली की उठून येते. तेवढ्यानेही आठवडा निभावतो. आई मात्र म्हणते, "एवढे शिकून माळीकाम करणार का?" तिला कसे समजवावे?

उत्तर : आईला समजावण्याचा विषय मी बाजूला ठेवते, कारण नेमणुकीचे पत्र हातात पडले की हा विरोध पुष्कळ घरांत आपोआप मावळतो. माझे लक्ष तुमच्या दुसऱ्याच वाक्यावर खिळले आहे. "मुलांची गर्दी सुरू झाली की उठून येते," असे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. ज्या घटकेला तुम्ही उठता, त्या घटकेला उद्यानातल्या माणसाचे खरे काम सुरू होते, आणि ते काम तुम्ही एकदाही पाहिलेले नाही. तुम्हाला हव्या असलेल्या नोकरीविषयी तुम्हाला जवळजवळ काहीच ठाऊक नाही, हे मी स्पष्टच सांगते.

झोपाळ्याचेच पाहा. साखळी वरच्या दांडीला जिथे अडकवलेली असते, तिथली कडी आतल्या बाजूने झिजते आणि खालून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. लहान मुलांच्या झोपाळ्यावर संध्याकाळी मोठी माणसे बसत असली, तर ती लवकर झिजते. कोणत्या झोपाळ्यावर कोण बसते, हे गर्दीच्या वेळी तिथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. आणि ते ज्याला माहीत असते, तोच शिडी लावून योग्य कडी योग्य वेळी बदलून घेतो. हिरवळीचेही तसेच आहे. लोक रोज एकाच कोपऱ्यातून आडवे जाऊ लागले की माती दबते, पाणी मुरेनासे होते, मुळांना हवा मिळत नाही आणि गवत मरते. तिथे पाटी लावून आणि शिट्ट्या फुंकून काही साधत नाही. जाणता उद्यान निरीक्षक चार दिवस माणसांच्या वाटा पाहतो आणि जिथून ती जातात तिथेच फरसबंदी करून घेतो. ही जाण कृषी पदवीत शिकवत नाहीत.

आता दुपारचे पाहा, कारण या गोष्टीविषयी मला फार वाटते. पुण्यातल्या बहुतेक उद्यानांचे दार दुपारी बंद असते. पाणी घालणे, झाडलोट आणि खुरपणी यांना मोकळा वेळ लागतो, हे कारण खरे आहे. परंतु ऊन सर्वांत कडक असताना ज्यांना सावलीची सर्वाधिक गरज असते, ते पार्सल पोचवणारे तरुण, बांधकामावरच्या बाया आणि लांबून आलेले पेशंटचे नातेवाईक नेमके तेव्हाच कुलपाबाहेर असतात. उद्यानाचा अर्धा भाग दुपारी उघडा ठेवून उरलेल्या भागात काम करता येईल का, पहारेकऱ्याच्या पाळ्या कशा बसवाव्यात, हे प्रश्न ज्याला सुचतात त्याने या खात्यात यावे.

झाडांच्या कामातही माणसांपासून सुटका नाही. महाराष्ट्रात नागरी क्षेत्रातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा 1975 चा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असतात, ठरावीक काळाने वृक्षगणना करावी लागते आणि झाड तोडण्याच्या अर्जावर नागरिकांच्या हरकती मागवल्या जातात. 2021 च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून संरक्षण दिले. एका जुन्या वडासाठी एका बाजूला ज्यांच्या भिंतीला तडा गेला आहे ते घरमालक आणि दुसऱ्या बाजूला तो वड वाचवायला निघालेले शेजारी, अशा दोघांचेही ऐकून घेऊन अहवाल लिहावा लागतो. तिथे शांतता शोधायला आलेली व्यक्ती महिन्याभरात कोमेजून जाते.

मुंबईत धारावीलगत मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. जिथे शहराचा कचरा टाकला जात होता, त्या 37 एकर जागेवर आज दाट झाडी आहे आणि 1994 पासून ते लोकांसाठी खुले आहे. शाळेच्या सहली तिथे येतात, झाडांची नावे विचारतात, गोंधळ घालतात. तो गोंधळ नसता, तर त्या जागेला कुंपण घातलेली झाडी यापलीकडे अर्थ उरला नसता.

हे वाचून तुम्ही खट्टू झाला असाल, तर थोडे थांबा. तुम्ही माणसांना कंटाळला आहात, हे मला पटत नाही. डीलर तक्रार घेऊन येत होता आणि तुमच्या हातात काहीच नव्हते. माल आणि भाव दुसरेच कोणी ठरवत होते. ज्याला उत्तर देता येत नाही त्या तक्रारी रोज ऐकून कोणीही थकेल. उद्यानात एखादी आजी सांगते की चारनंतर या बाकावर ऊन येते, तेव्हा तो बाक हलवता येतो. कधी त्यासाठीही फाईल फिरवावी लागते, कंत्राटदाराच्या मागे लागावे लागते, मजुरांची मजुरी वेळेवर मिळाली का हे पाहावे लागते. तरी अखेर बाक हलतो आणि ती आजी दुसऱ्या दिवशी तिथे बसलेली दिसते. या कामातले समाधान याच जातीचे आहे, आणि तक्रार शांतपणे ऐकून घेण्याची जी सवय तुम्हाला विक्री विभागात लागली, ती इथे सोन्यासारखी उपयोगी पडेल.

भरतीची जाहिरात, परीक्षा, पात्रता हे सगळे महापालिकेच्या संकेतस्थळावर मिळते आणि तुमच्या पदवीला या खात्यात दार आहे. मात्र अर्ज भरण्याआधी एवढे करा. येत्या रविवारी सकाळी जाऊ नका. संध्याकाळी दार उघडताच जा, झोपाळ्यांजवळच्या बाकावर बसा आणि पहारेकरी दार लावेपर्यंत उठू नका. मुले ढकलाढकली करतील, कोणाचा गुडघा फुटेल, चेंडूवरून भांडण होईल, कोणी हिरवळीवर भेळेचे कागद टाकेल. तिथल्या माळ्याशी बोला, आणि आईच्या तोंडी जो शब्द हिणकस झाला आहे तो माणूस दिवसभरात किती गोष्टी सांभाळतो, ते त्याच्याकडूनच ऐका. पुढचे सगळे रविवारही असेच काढा. जाहिरात निघेपर्यंत तुम्हाला त्या गर्दीतली निम्मी मुले नावानिशी ओळखता आली, तर अर्ज भरा आणि मला कळवा.