मिरजेचे डॉक्टर की पुण्याचे?

ताई, आईची बीपीची गोळी मिरजेच्या फॅमिली डॉक्टरांची, डिप्रेशनची पुण्याच्या मानसोपचारतज्ज्ञांची. डिप्रेशनची नवी गोळी सुरू झाल्यापासून त्या गळून गेल्यात, बोलण्यात घोळ होतोय आणि दोघंही ‘त्यांना विचारा’ म्हणतात. कुणाचं ऐकायचं, हा तुमचा प्रश्न.

आधी आजच रक्तातलं सोडियम तपासून घ्या. एस्सिटालोप्रामसारख्या डिप्रेशनच्या गोळीमुळे म्हाताऱ्या माणसांचं सोडियम उतरू शकतं. बीपीच्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारं औषध असेल तर धोका आणखी वाढतो. साधारण १३५ ते १४५ हवं. लघवीचीही तपासणी करा, कारण जंतुसंसर्गानेही या वयात भ्रम होतो. गुंगी वाढली किंवा फिट आली तर थेट हॉस्पिटल गाठा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

आता मूळ मुद्दा. ब्रिटनमध्ये तज्ज्ञांचं पत्र पेशंटच्या जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडे, जाण्याची पद्धत आहे. आपण बहुतेकदा थेट तज्ज्ञाकडे जातो, मग फॅमिली डॉक्टरांना कळणार कसं? त्यामुळे एका डॉक्टरांची दुसऱ्यांना चिठ्ठी आपणच मागून घ्यायची. माझ्या वडिलांना स्मृतिभ्रंशासाठी डोनेपेझिल होतं आणि हृदयासाठी मेटोप्रोलॉल. दोन्हींनी नाडी मंदावते. त्यांना चक्कर येऊ लागली तेव्हा आमच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर ईसीजीचा निष्कर्ष लिहून खाली एकच प्रश्न विचारला: ‘डोनेपेझिल चालू ठेवावं का?’ तज्ज्ञांनी त्याच कागदावर उत्तर लिहिलं. नुसत्या ‘प्लीज सी अँड ॲडव्हाइज’ला (‘पाहून सल्ला द्या’) असं नेमकं उत्तर क्वचितच मिळतं.

फॅमिली डॉक्टरांनी तज्ज्ञांना लिहायच्या तुमच्या चिठ्ठीत सगळ्या गोळ्या येऊ द्या. झोपेची अल्प्राझोलाम, वारंवार लघवीसाठीची ऑक्सिब्युटिनिन, आयुर्वेदिक काढासुद्धा. ऑक्सिब्युटिनिनने विसरभोळेपणा वाढतो आणि ती बऱ्याचदा तिसऱ्याच डॉक्टरांनी दिलेली असते. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), थायरॉइड, बी१२चे रिपोर्ट जोडा. आणि आई आधी कशा होत्या, कधीपासून बदलल्या, हे फॅमिली डॉक्टरांनी स्वतः लिहावं. वीस-वीस वर्षं ओळखणाऱ्या माणसाची ती दोन वाक्यं तज्ज्ञाला पहिल्या भेटीत दुसरीकडून मिळत नाहीत. म्हणून मी फॅमिली डॉक्टर सोडू नका असंच सांगेन.

तज्ज्ञांकडून परत येणाऱ्या चिठ्ठीत निदान, गोळी किती महिने, कोणती तपासणी कधी आणि डोस कमी-जास्त कोण करणार, हे हवं. शेवटचं नसेल तर पुन्हा तुमचीच फरपट.

दोघांनी माहिती एकमेकांना द्यायला आईंची संमती घ्या. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारांच्या नोंदी मागण्याचा हक्कही त्यांचा आहे, तो अर्ज त्यांच्याच सहीने द्या.