प्रकल्प मार्गदर्शकांनी घेतलेले हातउसने पैसे

प्रश्न : मी एका अनुदानित महाविद्यालयात एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी आहे. घरातील आजारपणाचे कारण सांगून माझ्या प्रकल्प मार्गदर्शकांनी माझ्याकडून फीच्या पैशांतले ६०,००० रुपये उसने घेतले. ते मी यूपीआयने पाठवले. दिवाळीत परत देण्याचे ठरले होते, पण १०,००० रुपयेच मिळाले. आता ‘परीक्षा होऊ दे, मग बघू’ असे उत्तर मिळते. प्रकल्पाचे अंतर्गत गुण त्यांच्याच हातात आहेत. मी काय करावे?

उत्तर : पैसे देण्यात तुमचा कोणताही अपराध झालेला नाही, हे आधी स्पष्ट करतो. ज्यांच्या हाती आपले गुण आहेत, त्यांना नकार देणे विद्यार्थ्याला किती अवघड जाते, याची जाणीव ठेवण्याची जबाबदारी शिक्षकाची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांतील आचारसंहितेत तर तासिकांच्या वेळेबाहेरही विद्यार्थ्यांना कोणत्याही मोबदल्याविना मार्गदर्शन करावे, अशी अपेक्षा शिक्षकांकडून केलेली आहे. विद्यार्थिनीच्या फीच्या पैशांवर स्वतःची अडचण भागवणे या अपेक्षेत कुठेच बसत नाही.

मात्र पैशांची वसुली आणि गुणांचे संरक्षण या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या ठेवा. ‘पैसे राहू द्या, पण गुण नीट द्या’ अशा अर्थाचा एकही संदेश, चिडून किंवा विनवणी म्हणूनसुद्धा, पाठवू नका. अनुदानित महाविद्यालयातील शिक्षक भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ नुसार लोकसेवक ठरतो आणि २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही शिक्षेस पात्र आहे. त्यामुळे आज निव्वळ हातउसना असलेला व्यवहार अशा एका वाक्याने तुमच्याच अंगावर येऊ शकतो. उलट, गुणांसाठी त्यांनीच पैसे सोडून देण्याची किंवा आणखी देण्याची मागणी केली, तर काहीही न देता लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ या क्रमांकावर तात्काळ तक्रार करा. दबावाखाली काही द्यावेच लागले असेल, तर ते सात दिवसांच्या आत कळवणाऱ्याला या कायद्याने संरक्षण दिले आहे.

गुणांचा प्रश्न आधी हाती घ्या, कारण त्याला वेळ कमी आहे. प्राचार्यांना लेखी अर्ज देऊन, मार्गदर्शकांशी आर्थिक व्यवहार असल्यामुळे प्रकल्पाचे मूल्यमापन दुसऱ्या शिक्षकांकडून व्हावे, अशी विनंती करा आणि अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. प्राचार्यांनी दखल घेतली नाही, तर महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार ही समिती असणे बंधनकारक आहे, आणि तिच्या निर्णयाविरुद्ध विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. अर्जात केवळ घटना लिहा, आरोपाची भाषा टाळा.

उरलेल्या ५०,००० रुपयांसाठी मुदत कायद्याप्रमाणे साधारणतः तीन वर्षांत दावा लावता येतो. ही मुदत दिवाळीपासून न मोजता पैसे दिल्याच्या दिवसापासून मोजावी, म्हणजे उशीर झाल्याचा वादच राहत नाही. ‘इतकी रक्कम घेतली, इतकी दिली, इतकी बाकी आहे’ असे मार्गदर्शकांच्या सहीचे पत्र मुदत संपण्यापूर्वी मिळाले, तर सहीच्या तारखेपासून मुदत नव्याने सुरू होते. म्हणून व्हॉट्सॲपवरील गोड आश्वासनांपेक्षा अशा पत्राचा आग्रह धरा. बँकेचे खातेउतारे आणि सर्व संदेश जपून ठेवा, मोबाइल बदलताना ते जाणार नाहीत याची काळजी घ्या. ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा कोणत्याही कागदावर, प्रकल्पावरील सही अडली तरी, सही करू नका. ती आधीच केली असेल, तर भारतीय करार कायद्याच्या कलम १६ मधील अनुचित प्रभावाचा, म्हणजे वरचढ स्थानाचा गैरफायदा घेऊन संमती मिळवल्याचा मुद्दा मांडता येतो, पण तो सिद्ध करणे कष्टाचे असते.

पोलिसांत फसवणुकीची फिर्याद देण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. पैसे घेतानाच बुडवण्याचा हेतू होता, हे त्यासाठी दाखवावे लागते आणि १०,००० रुपये परत केल्यामुळे ते कठीण जाईल. त्याऐवजी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून, म्हणजे न्यायालयात दावा लावण्याआधीच तडजोडीसाठी, अर्ज करा. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते. तडजोड करताना हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या, आणि वडिलांना सोबत न्या.